सेप्टिक शॉक आणि ॲड्रिनल ग्रंथी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक म्हणजे आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर बसलेले नातेवाईक, आणि दुसरे पुण्यातल्या नि आसपासच्या छोट्या हॉस्पिटलांत नाईट ड्युटी करणारे ज्युनिअर डॉक्टर, त्यामुळे काही उत्तरं साधी आहेत, काही जरा टेक्निकल झालीयेत, तुमच्या कामाचं तेवढं घ्या. आणि इथलं वाचून कुणी पेशंटचा डोस बदलायला सांगू नका प्लीज, ते तिथल्या डॉक्टरांशी बोलूनच.

१. सेप्टिक शॉक इन्फेक्शनमुळे होतो ना, मग यात ही ॲड्रिनल ग्रंथी कुठून आली?

इन्फेक्शनला शरीराची प्रतिक्रिया इतकी बेकाबू होते की रक्तवाहिन्या सैल पडतात नि बीपी टिकत नाही. पुरेसं सलाईन देऊनही सरासरी प्रेशर ६५ च्या वर ठेवायला नॉरॲड्रिनलीनसारखं (पुढं नुसतं नॉरॲड) रक्तवाहिन्या आवळणारं औषध चालू ठेवावं लागतंय आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींचे हाल होताहेत हे सांगणारा आकडा) २ च्या वर आहे, तर त्याला सेप्टिक शॉक म्हणायचं, ही २०१६ ची व्याख्या. आता किडनीच्या डोक्यावर बसलेल्या या दोन छोट्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड, बनवतात, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते नि त्या हुकमावर हे चालतं. कॉर्टिसॉल पुरेसं नसेल तर रक्तवाहिन्या नॉरॲडचं ऐकतच नाहीत, पंप वाढवत राहा, प्रेशर तिथंच. म्हणून शॉक हटत नसला की डॉक्टरांच्या डोक्यात ॲड्रिनलचा विचार येतो.

२. डॉक्टर म्हणाले "ॲड्रिनल कमी पडतीये". म्हणजे बाबांना आयुष्यभराचा आजार झाला का?

बहुतेक वेळा नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, ग्रंथी किंवा पिट्युटरी खरंच खराब झालेली, किंवा बाहेरून स्टिरॉईड घेऊन घेऊन झोपी गेलेली, यात पुढंही औषध लागू शकतं. दुसरी, गंभीर आजारात तेवढ्यापुरतं सगळं तंत्र बिघडतं, कॉर्टिसॉल असतं पण आजाराच्या मानानं कमी पडतं किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत. याला क्रिटिकल इलनेस रिलेटेड कॉर्टिकोस्टिरॉईड इन्सफिशियन्सी असं लांबलचक नाव आहे आणि पेशंट बरा झाला की हे बहुतेक निवळतं. गोंधळ असा की बेडवर दोन्ही सारखेच दिसतात. वेगळे कसे ओळखायचे ते प्रश्न ३, ४ आणि १२ मध्ये.

३. सर, नेमकी कोणत्या पेशंटमध्ये शंका घ्यायची? शॉकमध्ये तर सगळेच वाईट दिसतात.

सलाईन झालं, अँटिबायोटिक योग्य आहे, पू असेल तिथून काढलाय, हार्टचा एको ठीक आहे आणि तरी नॉरॲड चढतंच चाललंय, हा पहिला इशारा. त्याशिवाय कारण न सापडणारी लो शुगर, सोडियम कमी नि पोटॅशियम जास्त (किडनी बंद पडली असेल तर पोटॅशियमचा पुरावा कच्चा), पोट दुखतंय पण सोनोग्राफीत काही नाही. एक बारकावा लोक विसरतात, सीबीसीतले इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). एवढ्या मोठ्या सेप्सिसमध्ये ते जवळजवळ शून्यावर जायला पाहिजेत, कारण कॉर्टिसॉल वर असतं. ते ६-७ टक्के आरामात बसलेले दिसले तर मी दोनदा विचार करतो, जंत किंवा ॲलर्जी असू शकते पण ॲड्रिनलही असू शकते. आणि चादर बाजूला करून पेशंट नीट बघा: हिरड्यांवर, तळहाताच्या रेघांत, जुन्या टाक्यांच्या व्रणावर काळपटपणा असेल तर तो ॲडिसनचा, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच खराब होण्याच्या आजाराचा, असू शकतो, पोटावर जांभळ्या चिरा नि कागदासारखी पातळ कातडी असेल तर जुनं स्टिरॉईड.

४. आमची आई कुठलंच स्टिरॉईड घेत नाही असं आम्ही सांगितलं, तरी डॉक्टर परत परत तेच का विचारतात?

कारण दहा जणांनी "नाही" म्हटलं तरी त्यातल्या काहींच्या घरून औषधांची पिशवी मागवली की आत प्रेडनिसोलोन (स्टिरॉईडची गोळी) निघतं. लोक खोटं बोलत नाहीत हो, त्यांना माहीतच नसतं. गुडघेदुखीसाठी कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी, दम्यासाठी जत्रेत मिळालेली पावडर, "वजन वाढवायच्या" गोळ्या, गावातल्या दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी घेतलेलं "ताकदीचं" इंजेक्शन, खांद्यात दिलेलं इंजेक्शन, केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली गजकर्णाची ट्यूब जी वर्षभर मांड्यांना चोळली, गोरं व्हायची क्रीम. यातल्या बऱ्याच गोष्टींत स्टिरॉईड असतं, आणि मोठ्या डोसचा इनहेलरही धरा. साधारण ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन किंवा त्याच्या बरोबरीचं काहीही तीन-चार आठवड्यांच्या वर घेतलं की स्वतःची ग्रंथी आळसावू शकते, आणि आई आजारी पडून जेवण बंद झालं की पुडीही बंद, मग नेमक्या गरजेच्या वेळी कॉर्टिसॉल नाही.

म्हणून नातेवाईकांना एकच काम सांगतो, घरी जाऊन कपाट, उशीखाली, देवघराचा ड्रॉवर, सगळीकडचं उचलून आणा, रिकामी पाकिटंसुद्धा. सगळ्यांसमोर सांगायचं नसेल तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. कुठल्याही महागड्या टेस्टपेक्षा ही पिशवी मला जास्त सांगते. ज्युनिअर मंडळींसाठी एक वेगळी खोच: रिटोनाव्हिर (एचआयव्हीचं औषध) किंवा इट्राकोनाझोल (बुरशीचं औषध) चालू असलेल्या माणसाचा फ्लुटिकासोन या स्टिरॉईडचा साधा इनहेलरसुद्धा अंगात साचतो नि ग्रंथी दाबतो, तेव्हा दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा.

५. कॉर्टिसॉलचं रक्त सकाळी ८ लाच घ्यायचं असतं ना? आता रात्रीचे २ वाजलेत.

ओपीडीत सकाळी ८, आयसीयूत कधीही. एवढ्या आजारात कॉर्टिसॉलचा दिवसरात्रीचा ठेका मोडलेला असतो त्यामुळे रात्री २ चं सॅम्पलही चालतं. घ्यायचं मात्र स्टिरॉईडचा पहिला डोस द्यायच्या आधी. खरा ॲडिसन की पिट्युटरी असा प्रश्न असेल तर त्याच वेळी एसीटीएचसाठी ईडीटीएची जांभळी ट्यूब बर्फात ठेवून लगेच पाठवा, उन्हात स्कूटरच्या डिकीतून गेलेल्या एसीटीएचच्या रिपोर्टला काही अर्थ नसतो. बाकीच्यांना एसीटीएच नको.

६. किती आकडा आला म्हणजे कमी?

२००८ च्या नि पुन्हा २०१७ च्या तज्ज्ञ गटांनी दोन निकष दिले: रँडम टोटल कॉर्टिसॉल १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली, किंवा २५० मायक्रोग्रॅम एसीटीएच देऊन ६० मिनिटांनी कॉर्टिसॉलमधली वाढ ९ पेक्षा कमी (हीच स्टिम्युलेशन टेस्ट). २०१७ च्या गटाने हेही लिहून ठेवलंय की यावर ठाम भरवसा ठेवावा अशी एकही टेस्ट त्यांना एकमतानं सांगता आली नाही. माझं वाचन असं: शॉकमधल्या माणसाचं ३ किंवा ४ आलं तर तो खरोखर गडबडीत आहे, उलट सिद्ध होईपर्यंत स्टिरॉईड चालूच. १० च्या खाली, संशय पक्का. १० ते २५ च्या मधलं काही आलं तर नुसत्या त्या आकड्यावर काही ठरवू नका. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात, २७.६ ने भागायचं, म्हणजे २७६ आलं तर ते १०. रात्रीच्या घाईत २७६ बघून "अरे बापरे किती जास्त" म्हणणारे असतात, युनिट वाचा.

७. अल्ब्युमिन १.८ आहे, कॉर्टिसॉल ९ आलंय. खरंच कमी आहे की प्रोटीनमुळे?

बरोबर पकडलंत. रक्तातलं जवळपास ९० टक्के कॉर्टिसॉल प्रोटीनला चिकटून फिरतं, काम करतं ते सुटं. सेप्सिसमध्ये ती वाहक प्रोटीनं धडाधड खाली येतात, त्यामुळे टोटल कमी दिसतं नि सुटं भरपूर असू शकतं. २००४ मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात अल्ब्युमिन २.५ किंवा कमी असलेल्या गंभीर पेशंटपैकी जवळपास ४० टक्क्यांचं टोटल कॉर्टिसॉल स्टिम्युलेशननंतरही कमी आलं होतं, पण ग्रंथी चांगल्या होत्या. मग सुटंच मोजू या? ती टेस्ट रोजच्या वापरात नाही, रिपोर्ट उशिरा येतो, २०१७ च्या गाईडलाईननेही टोटलच वापरा म्हटलंय. तर ९ ला "संशयित" म्हणा, "सिद्ध" म्हणू नका, पेशंट नॉरॲडवर असेल तर औषधाचा निर्णय तसाही प्रश्न ९ प्रमाणेच होतो.

८. आणि ४५ आलं तर? मग तर ॲड्रिनल एकदम फिट, स्टिरॉईड नको?

असं नाही. २०१३ मध्ये बेल्जियमच्या ल्यूवेनमधल्या गटानं दाखवलं की गंभीर आजारात कॉर्टिसॉल वर राहण्याचं मोठं कारण म्हणजे ते तोडणारी यंत्रणा मंदावते, साफ होण्याचा वेग निम्म्याहून खाली जातो, ग्रंथी काही फार जोरात काम करत असते असं नाही आणि एसीटीएच तर उलट कमी असतं. शिवाय खूप उंच कॉर्टिसॉल आणि स्टिम्युलेशनला वाढच नाही, ही जोडी जुन्या फ्रेंच अभ्यासात सगळ्यात वाईट निकालाची ठरली होती. ४५ वरून एवढंच कळतं की ॲडिसन जवळजवळ नक्की नाही.

९. रिपोर्ट उद्या संध्याकाळी येणार म्हणतात. तोपर्यंत थांबायचं का?

नाही. हडपसर, चाकण, दौंडकडच्या छोट्या आयसीयूंतून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण तिथून सॅम्पल शहरातल्या लॅबला जातं, शनिवारी घेतलं तर कधीकधी सोमवार उजाडतो. सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मोहिमेची २०२१ ची गाईडलाईन टेस्ट मागतच नाही: नॉरॲड ०.२५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट किंवा वर, सुरू करून किमान ४ तास झालेत आणि अजून लागतंय, तर हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉईडचं इंजेक्शन, पुढं हायड्रोकॉर्ट) दिवसाला २०० मिग्रॅ, ५० मिग्रॅ दर ६ तासांनी किंवा इन्फ्युजनने. ६० किलोच्या माणसाला नॉरॲडचा हा आकडा मिनिटाला १५ मायक्रोग्रॅम होतो. हिशोब करताना अँप्यूलवर बेस (शुद्ध नॉरॲड) लिहिलंय की बायटार्ट्रेट (त्याचा क्षार) ते बघा, २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे साधारण १ मिग्रॅ बेस, इथं निम्म्यानं चूक होते.

आधीपासून स्टिरॉईडवर असलेला, ॲडिसन माहीत असलेला किंवा प्रश्न ४ मधली पुडी सापडलेला पेशंट असेल तर ४ तासही थांबू नका नि नॉरॲडचा आकडाही बघू नका, १०० मिग्रॅ लगेच, मग २४ तासांत २००.

१०. टेस्टशिवाय द्यायचंच आहे तर मग कॉर्टिसॉल पाठवायचंच कशाला? पैसे वाया.

सरसकट प्रत्येक सेप्टिक शॉकला मीही पाठवत नाही. पण प्रश्न ३ किंवा ४ मधलं काही सापडलं, तर पहिल्या डोसआधी ३ एमएल रक्त काढून ठेवायला एक मिनिट लागतं, आणि तो आकडा आजच्यासाठी नसून दहाव्या दिवसासाठी असतो. पेशंट सुधारला, हायड्रोकॉर्ट बंद करायची वेळ आली, तेव्हा हा माणूस आयुष्यभर औषध लागणाऱ्यांतला आहे का हे त्या जुन्या सॅम्पलशिवाय कळायला फार अवघड जातं. ते काढलंच नसेल तर पुढं सगळी अंदाजपंचे.

११. स्टिम्युलेशन टेस्ट पुण्यात होते का? आणि हायड्रोकॉर्ट चालू असताना केली तर?

होते, पण जे लघु असराचं सिंथेटिक एसीटीएच पुस्तकात लिहिलेलं असतं ते आपल्याकडे सहज मिळत नाही. एंडोक्रिनॉलॉजिस्ट ओपीडीत ॲक्टॉन प्रोलाँगेटम वापरतात, ते लांब असराचं आणि स्नायूत द्यायचं. शॉकमध्ये स्नायूचा रक्तपुरवठाच धड नसतो, प्लेटलेट २० हजार असतील तर तिथं गाठ येणार ती वेगळी, म्हणून शॉक चालू असताना मी ती टेस्ट टाळतो.

हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच, त्यामुळे ते चालू असताना मोजलं तर तुम्ही स्वतः दिलेलं औषधच मोजताय. प्रेडनिसोलोनही बऱ्याच इम्युनोअसेमध्ये (लॅबमधल्या नेहमीच्या पद्धतीत) कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं. डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टिरॉईड मोजलं जात नाही पण पिट्युटरीला दाबतं, म्हणजे "डेक्सावर आहे म्हणून कॉर्टिसॉल बिनधास्त पाठवा" हे अर्धंच खरं. केसांसाठी मोठ्या डोसचं बायोटिन घेणारे असतील तर काही मशिनवर कॉर्टिसॉल खोटं वाढलेलं दिसतं, तेही विचारा.

१२. खऱ्या ॲड्रिनल किंवा पिट्युटरीच्या आजाराची आपल्या भागातली कारणं कोणती?

टीबी, अजूनही. दोन्ही ॲड्रिनल फुगलेल्या दिसल्या सीटीत तर टीबी नि हिस्टोप्लाझ्मोसिस (बुरशीचं इन्फेक्शन) दोन्ही डोक्यात ठेवा. टीबीचं एकेटी (टीबीच्या औषधांचा कोर्स) सुरू केल्यावर काही दिवसांत कोसळलेला पेशंट आला तर त्यातलं रिफाम्पिसिन आठवा, त्यानं लिव्हर कॉर्टिसॉल भराभर तोडायला लागतं आणि काठावरची ग्रंथी उघडी पडते. रक्त पातळ करायच्या औषधावर किंवा मेनिंगोकोकससारख्या इन्फेक्शनमध्ये दोन्ही ग्रंथींत रक्तस्राव होऊ शकतो, अचानक कंबरेत दुखलं नि हिमोग्लोबिन पडलं तर सीटी बघा.

मुळशी, भोर, वेल्ह्याकडून येणाऱ्यांना घोणस चावल्याचं विचारा. घोणसीच्या विषानं पिट्युटरीला इजा होते, कधी त्याच आठवड्यात, कधी काही वर्षांनी लक्षात येतं, आणि तेव्हा किडनीच्या डायलिसिसमध्ये सगळ्यांचं लक्ष असल्यानं हे सुटून जातं. तसंच चाळिशी-पन्नाशीची बाई, शेवटच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, दूध आलं नाही, पाळी परत सुरूच झाली नाही, आणि आता साध्या न्यूमोनियात शॉक नि सोडियम ११२: हा शीहान सिंड्रोम, म्हणजे बाळंतपणातल्या रक्तस्रावानं पिट्युटरी खराब झालेली. यात पोटॅशियम वाढत नाही, कारण ॲड्रिनलमधलं अल्डोस्टेरॉन (क्षारांचा तोल राखणारं हार्मोन) शाबूत असतं, आणि अंगही काळवंडत नाही, उलट फिकट दिसतं. थायरॉईडही कमी निघेल, पण आधी हायड्रोकॉर्ट मग थायरॉक्सिन, उलट केलं तर पेशंट आणखी खाली जातो.

१३. इन्ट्यूबेट करताना (घशात श्वासाची नळी घालताना) इटोमिडेट हे भुलीचं औषध दिलं होतं. त्याचा परिणाम होतो का?

होतो, एकाच डोसनं कॉर्टिसॉल बनवणारं एन्झाइम साधारण एक-दोन दिवस बंद पडतं. त्या काळात आलेल्या कमी आकड्यावरून कायमचं निदान करू नका. भुलीच्या नोंदीत नाव शोधा, दुसऱ्या हॉस्पिटलमधून आला असेल तर फोन करून विचारा.

१४. गरोदर बाई, लिव्हरचा पेशंट, लहान मूल, सगळ्यांना हेच आकडे?

गरोदरपणात आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांवर वाहक प्रोटीन वाढतं, म्हणून टोटल कॉर्टिसॉल फुगलेलं दिसतं, १८ आलं तरी ते खात्रीचं नाही. सिरॉसिसमध्ये उलटं, प्रश्न ७ वाचा. लहान मुलांचं गणित पूर्ण वेगळं आहे, पीडियाट्रिक इंटेन्सिव्हिस्टना विचारा.

१५. एका स्टडीत स्टिरॉईडनं जीव वाचतो, दुसऱ्यात नाही. नक्की काय?

२००२ च्या फ्रेंच स्टडीत स्टिम्युलेशनला दाद न देणाऱ्यांत फायदा दिसला, आणि सगळं जग टेस्टच्या मागं लागलं. २००८ ला कॉर्टिकस नावाची ट्रायल आली, ४९९ पेशंट, शॉक लवकर हटला पण मृत्यू कमी झाले नाहीत, आणि मुख्य म्हणजे दाद देणारे नि न देणारे यांच्यात औषधाचा फरकच दिसला नाही. टेस्टचं महत्त्व तिथंच उतरलं. २०१८ ला दोन मोठ्या: 'ॲड्रिनल' याच नावाच्या ट्रायलमध्ये ९० दिवसांचे मृत्यू स्टिरॉईड घेतलेल्यांत २७.९ विरुद्ध न घेतलेल्यांत २८.८ टक्के, म्हणजे सारखेच, शॉक मात्र ४ ऐवजी ३ दिवसांत हटला. 'अप्रोच' (APROCCHSS) नावाच्या फ्रेंच ट्रायलमध्ये फ्लुड्रोकॉर्टिसोन (क्षार धरून ठेवणारं दुसरं स्टिरॉईड, थोडक्यात फ्लुड्रो) जोडून ४३ विरुद्ध ४९.१ टक्के, फायदा. दुसऱ्यातले पेशंट जास्त गंभीर होते, औषधांची जोडीही वेगळी. नॉरॲडवरून एक दिवस लवकर सुटणं हे मला पुरेसं कारण वाटतं. फ्लुड्रो ५० मायक्रोग्रॅम रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्यायचं की नाही यावर अजून वाद आहे, द्या किंवा नका देऊ, पण ते मिळत नाही म्हणून हायड्रोकॉर्ट लांबवू नका.

१६. इन्फेक्शन असताना स्टिरॉईड? कोविडमध्ये काळी बुरशी त्यानंच झाली ना?

भीती समजू शकतो, २०२१ चा उन्हाळा पुण्यात कुणी विसरलेलं नाही. तेव्हा बेसुमार शुगर, गरजेपेक्षा मोठे नि लांबलेले डोस आणि खुद्द कोविड, असं सगळं एकत्र आलं होतं. इथं डोस २०० मिग्रॅ हायड्रोकॉर्ट म्हणजे साधारण ५० मिग्रॅ प्रेडनिसोलोन एवढा आणि थोडे दिवस. शुगर वाढते, सोडियम वाढतं, स्नायू अशक्त होऊ शकतात, म्हणून शुगर तासातासाला बघतात. जुन्या काळी देत तसे प्रचंड डोस आता कुणी देत नाही, २०२४ च्या गाईडलाईननं दिवसाला ४०० मिग्रॅच्या वर थोड्या दिवसांसाठी देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय.

१७. नॉरॲड सुटलं. हायड्रोकॉर्ट एकदम बंद करायचं की हळूहळू, आणि घरी गेल्यावर काही तपासायचं का?

यावर एकमत नाही. काही युनिट प्रेशरची औषधं सुटली की थांबवतात, काही दोन-तीन दिवसांत उतरवतात. थांबवल्यावर पुन्हा प्रेशर पडलं तर परत चालू करा, आणि नवं इन्फेक्शन शोधा, कारण प्रत्येक वेळी दोष ॲड्रिनलचाच नसतो. ज्यांच्यात खरा आजार किंवा जुनं स्टिरॉईड निघालंय त्यांचं मात्र तिथंच पूर्ण बंद करायचं नाही, रोजच्या गोळीच्या डोसवर आणून एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे पाठवायचं.

शंका राहिली असेल तर बरं झाल्यावर काही आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी २४ तास थांबवून सकाळी ८ चं कॉर्टिसॉल करतात. ३ च्या खाली आलं तर ग्रंथी काम करत नाहीये, १५-१८ च्या वर आलं तर बहुतेक ठीक, मधल्यांना तेव्हा स्टिम्युलेशन टेस्ट, जी आता शांतपणे करता येते. ज्यांना गोळी कायमची लागली त्यांनी ताप आला की डोस दुप्पट, उलट्या होत असतील तर इंजेक्शनसाठी थेट हॉस्पिटल, आणि खिशात "मी स्टिरॉईडवर आहे, इमर्जन्सीत हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ द्या" असं मराठीत नि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. गाव लांब असेल तर एक व्हायल नि सिरिंज घरातच ठेवा, आणि ती द्यायची कशी हे घरातल्या एकाला तरी डिस्चार्जच्या आधी सिस्टरकडून शिकवून घ्या.